गोलकीपरला स्ट्रायकरची फुटपट्टी नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हल्ली आइस हॉकीच्या बातम्या अधूनमधून दिसतात, याचा आनंद आहे. तक्रार एकच. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पास कोणी दिला हे सगळं येतं. गोलकीपरच्या वाट्याला मात्र ठरलेली दोनच वाक्यं येतात: संघ जिंकला तर तो ‘अभेद्य’, हरला तर ‘सुमार’. त्याच्या कारकिर्दीवर चार ओळी आल्याच, तर ‘उशिरा चमकलेला’ किंवा ‘गुणवत्ता वाया घालवलेला’ यांपैकी एक शिक्का बसतो. हे शब्द गोल मारणाऱ्या खेळाडूंना शोभतात, कारण त्यांची चढण साधारण पायरीपायरीची असते. गोलकीपरची कारकीर्द सहसा तशी चालत नाही, आणि त्यामागची कारणं मोजूनमापून सांगता येतात. तेवढ्यासाठी हे पत्र जरा लांबलं आहे.

आधी नोकऱ्या मोजू. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत. सामन्याला प्रत्येक संघ १२ आघाडीवीर, ६ बचावपटू आणि २ गोलकीपर उतरवतो. सगळ्या जगात मिळून त्या दर्जाच्या गोलकीपरच्या जागा झाल्या ६४, आणि त्यांतल्या निम्म्या बाकावर बसण्याच्या. आघाडीवीराचा सूर हरवला की प्रशिक्षक त्याला पहिल्या फळीतून तिसऱ्या फळीत टाकतो. तो आठ मिनिटं कमी खेळतो, पण खेळत राहतो आणि खेळता खेळता सावरतो. गोलकीपरला तिसरी फळी नसते. एकतर पूर्ण ६० मिनिटं, नाहीतर टोपी घालून बाकाचं दार उघडण्याचं काम. आपल्याकडे चंद्रकांत पंडितला विचारावं. किरण मोरे ४९ कसोटी खेळला आणि त्याच काळात पंडितच्या वाट्याला ५ आल्या, त्यांतल्याही काही निव्वळ फलंदाज म्हणून. यष्टीमागे जागा एकच, त्याला इलाज नाही.

तरी आजचे दिवस बरे म्हणायचे. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये संघच सहा होते आणि दुसरा गोलकीपर सज्ज ठेवण्याची सक्ती १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्हती. म्हणजे जागा सहा. जॉनी बोवरने १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून मोसमातले सगळे ७० सामने खेळले, आणि तरी पुढच्या मोसमात त्याची रवानगी पुन्हा खालच्या लीगमध्ये झाली. टोरांटोने त्याला १९५८ मध्ये उचललं तेव्हा तो तिशी ओलांडून तीन-चार वर्षं झाली होती. त्यानंतर त्याने १९६२, ६३, ६४ आणि ६७ असे चार स्टॅन्ले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकले. अशा माणसाला ‘उशिरा चमकला’ म्हणणं चूक आहे. तो आधीपासून चमकतच होता, खुर्ची रिकामी नव्हती.

सगळ्यांत ठळक उदाहरण डॉमिनिक हाशेकचं. चेकोस्लोव्हाकियाच्या पार्डुबित्सेचा हा मुलगा सोळाव्या वर्षी देशाच्या वरिष्ठ लीगमध्ये खेळला. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंवर हक्क सांगण्याच्या वार्षिक निवडीत, शिकागोने त्याला १९९ वा घेतला. लोखंडी पडद्याआडचा खेळाडू येईल की नाही याची खात्री नसायची, म्हणून इतका खाली. तो १९९० मध्ये आला आणि बघतो तर समोर एड बेलफोर. या बेलफोरला ड्राफ्टमध्ये कोणीही विचारलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच मोसमात त्याने सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम गोलकीपर हे दोन्ही मान घेतले. हाशेकला दोन मोसमांत शिकागोकडून जेमतेम २५ सामने मिळाले, बाकी काळ तो दुय्यम लीगमध्ये इंडियानापोलिसला. १९९२ मध्ये शिकागोने त्याला बफेलोला देऊन टाकला. तिथेही सहा महिन्यांत ग्रँट फ्यूअर येऊन पुढे बसला. फ्यूअर जखमी झाला आणि १९९३-९४ मध्ये दार उघडलं. त्या मोसमात हाशेकने सामन्यामागे सरासरी १.९५ गोल दिले. दोनच्या आत येण्याची ही वीस वर्षांतली पहिली वेळ होती. वय २९. त्यानंतर सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी सहा वेळा, १९९७ आणि १९९८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी, आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही फटके अडवून पुढे सुवर्णपदक. निवृत्त झाला, परतला, पुन्हा थांबला, पुन्हा परतला आणि शेवटी मॉस्कोच्या स्पार्टाककडून ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. १९९२ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर लेख लिहायचा असता, तर ‘अपेक्षाभंग’ हा शब्द वापरावाच लागला असता. त्या दिवशी त्याच्या खेळात उणं काय होतं? काहीच नाही. बेलफोर फिट होता.

टिम थॉमसची गोष्टही याच जातीची. ड्राफ्टमध्ये २१७ वा. मग अमेरिकेतल्या लहान लीग, फिनलंड, स्वीडन, पुन्हा फिनलंड. बॉस्टनकडून नियमित खेळू लागला तेव्हा एकतिशी आली होती. २०१०-११ मध्ये त्याची वाचवण्याची टक्केवारी .९३८ होती, म्हणजे हजार फटक्यांत ९३८ अडवले, हा तेव्हाचा विक्रम. स्टॅन्ले कपचा निर्णायक सातवा सामना व्हँकुव्हरच्या मैदानावर ४-० असा जिंकला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. उलट बाजूला जिम केरी बघा. १९९५-९६ मध्ये वॉशिंग्टनकडून ९ सामन्यांत एकही गोल दिला नाही, व्हेझिना मिळवली, आणि १९९९ मध्ये पंचविशीच्या आत व्यावसायिक हॉकीतून बाहेर. त्याच्या खेळण्याच्या पद्धतीतली भोकं समोरच्या संघांना कळली, दुरुस्तीला वेळ लागला आणि तोवर जागा दुसऱ्याने घेतली.

आता ‘पद्धत’ म्हणजे काय, ते जवळून बघू, कारण कारकिर्दीचं निम्मं गणित त्यात आहे.

गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाड, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटका ताशी १६० किलोमीटरच्या घरात जातो. निळी रेषा गोलरेषेपासून ६४ फुटांवर, म्हणजे साधारण साडेएकोणीस मीटरवर असते. तिथून सुटलेली पक ०.४४ सेकंदात पोचते. सहा मीटरवरून मारली तर ०.१४ सेकंदाच्या आत. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे जवळचा फटका ‘पाहून अडवला’ असं आपण लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा तसं घडलेलंच नसतं. गोलकीपर आधीच योग्य जागी होता आणि पक येऊन त्याला लागली.

ही योग्य जागा भूमितीने ठरते. पक सहा मीटरवर समोर आहे आणि गोलकीपर गोलरेषेवर उभा आहे, तर त्याला १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच जागा झाकायची आहे. तो दीड मीटर पुढे सरकला की तीच जागा १.३७ बाय ०.९१ मीटर उरते. क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं झालं, कसलीही चपळाई न करता. धोका असा की मारणाऱ्याने न मारता बाजूला पास दिला, तर पुढे आलेल्या गोलकीपरला परतायला जास्त अंतर पडतं आणि मागे अख्खा गोल उघडा राहतो. आजचा खेळ आडव्या पासांचा झाला आहे. म्हणून पूर्वीच्या मानाने आताचे गोलकीपर खोल, रेषेच्या जवळ उभे राहतात, आणि त्यामुळे उंच, लांब पायांच्या मुलांना मागणी आली. पाच फूट दहा इंचांचा उत्तम गोलकीपर आज चाचणीतच मागे पडतो. मला हे पटत नाही, पण बाजार तसा आहे.

खाली बसण्याच्या तऱ्हेला बटरफ्लाय म्हणतात. दोन्ही गुडघे बर्फावर टेकायचे, टाचा बाहेर फेकायच्या, म्हणजे पायांचे पॅड आडवे पडून त्यांची आतली कड बर्फावर टेकते आणि पुढची बाजू मारणाऱ्याकडे राहते. पॅडची रुंदी जास्तीत जास्त ११ इंच चालते. २००५ च्या आधी १२ चालायची. पॅड आडवा पडला की ही रुंदी उंची होते, म्हणजे बर्फालगत ११ इंचांची भिंत उभी राहते. गुडघ्यांमधली फट काठीच्या पात्याने झाकायची. काठीच्या हातावर सपाट ब्लॉकर. त्यावर पक लागताना मनगट किंचित वळवून ती कोपऱ्याकडे ढकलायची असते. समोर पडली तर दुसरा फटका आलाच. दुसऱ्या हातात झेलायचा ग्लोव्ह. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे लवकर बसणं: मारणारा अर्धा क्षण थांबतो आणि खांद्यावरून वरच्या कोपऱ्यात टाकतो.

ही तऱ्हा रूढ व्हायला आधी मास्क यावा लागला, हे सहसा कोणी सांगत नाही. तोंड उघडं असताना चेहरा पकच्या उंचीवर आणणं हा वेडेपणा होता. ग्लेन हॉल तो करायचा. बटरफ्लायचा तो आद्य पुरस्कर्ता, आणि त्याने १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने खेळले, सगळे मास्कशिवाय. सामन्याआधी त्याला भडभडून उलटी व्हायची, आणि पाठीने साथ सोडली तेव्हाच ही मालिका थांबली. टेरी सॉचकने १०३ सामन्यांत गोल दिला नाही. त्याच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत चारशेच्या वर टाके पडले.

१ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटचा चेहरा फाटला. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, सरावात वापरतो तो फायबरग्लासचा मास्क घालू द्याल तरच परत येतो. प्रशिक्षक टो ब्लेकचा त्याला विरोध होता, पण बदली गोलकीपर नव्हताच, मग करणार काय! मॉन्ट्रियलने सामना ३-१ ने जिंकला आणि त्यानंतरही संघ बरेच सामने हरला नाही. मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहावरून प्लांट एकदा मास्क काढून खेळला, संघ ०-३ हरला, आणि तो वाद तिथेच मिटला. (मास्क घालणारा तो पहिला मात्र नव्हे, १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने काही सामने चामड्याचा मास्क लावला होता.) प्लांट १९६५ ला निवृत्त झाला, १९६८ ला सेंट लुईसकडून परतला आणि त्याच ग्लेन हॉलच्या जोडीने व्हेझिना वाटून घेतली. शेवटचा मोसम खेळला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. मास्क नसता तर ही शेवटची वर्षं घडलीच नसती.

मास्कने चेहरा वाचवला, बटरफ्लायने खुबा खाल्ला. टाच बाहेर फेकून गुडघा आत वळवताना मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीच्या कडेवर घासतो. सरावात आणि सामन्यात मिळून ही हालचाल दिवसाला शेकडो वेळा होते. हळूहळू हाडाला उंचवटा येतो, खोबणीच्या काठचं कूर्चेचं कडं फाटतं. पहिली खूण म्हणजे जांघेत पुढच्या बाजूला बोथट दुखणं, विशेषतः गाडीत बराच वेळ बसल्यावर, आणि एक पाय दुसऱ्याइतका आत न वळणं. ताण आला असेल म्हणून पुष्कळजण स्नायू ताणत बसतात. हाडाचं दुखणं त्याने वाढतं. इथे कॅनडात आणि अमेरिकेत मराठी घरांतलीही मुलं रिंकवर जातात, म्हणून पालकांसाठी एवढं मुद्दाम लिहितो: दहा-बारा वर्षांच्या मुलाला वर्षभर फक्त गोलमध्ये उभं करू नका, उन्हाळ्यात दुसरा खेळ खेळू द्या, आणि स्केटच्या धारेवर उभं राहून सरकणं पक्कं झाल्याशिवाय गुडघ्यांवर बसण्याचे शंभर-शंभरचे सराव लावू नका.

खुबा आणि गुडघा गेला की करारही कसा अडकतो, ते रिक डीपिएट्रोमुळे सगळ्यांना कळलं. २००० च्या ड्राफ्टमधला हा पहिला खेळाडू. न्यूयॉर्क आयलंडर्सने २००६ मध्ये त्याच्याशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. पाठोपाठ खुब्याच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया. २०१३ मध्ये संघाने करार मोडला, आणि तेव्हापासून त्याला २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर मिळायचे ठरले आहे. मॉन्ट्रियलचा केरी प्राइस याच्या अगदी उलट जातीचा, २०१५ ला हार्ट आणि व्हेझिना दोन्ही मिळवणारा. त्याचा ८ वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा करार होता. २०२१ मध्ये संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं, मग गुडघा बिघडला, आणि एप्रिल २०२२ नंतर तो एकही सामना खेळू शकला नाही. सहा-सात वर्षांपुढचा करार गोलकीपरला देणं हा जुगार आहे, असं माझं स्पष्ट मत. त्यावर लोक सेर्गेई बोब्रोव्स्कीचं नाव पुढे करतात, आणि ते बरोबर आहे. फ्लोरिडाने २०१९ मध्ये सात वर्षांसाठी वर्षाला एक कोटी डॉलर कबूल केले. पहिली काही वर्षं सगळे हसले. २०२४ आणि २०२५ ला त्याने लागोपाठ दोन स्टॅन्ले कप जिंकून दिले. जुगारात कधी लागतंही!

ड्राफ्टच्या क्रमांकावर तर भरवसा नकोच. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा होता. रेंजर्सकडून ४५९ सामने जिंकला आणि शेवटी हृदयाच्या दुखण्यामुळे थांबला. विनिपेगचा कॉनर हेलबक १३० वा, २०२५ चा हार्ट विजेता. आणि मार्क-आंद्रे फ्लुरी पहिला निवडला गेला आणि ५७५ विजय मिळवून मार्टिन ब्रोडरच्या ६९१ खालोखाल पोचलाही. अठराव्या वर्षी आघाडीवीराचा अंदाज बांधता येतो, गोलकीपरचा येत नाही; शरीर, संयम आणि वाचन या तिन्ही गोष्टी बाविशी-तेविशीपर्यंत बसत नाहीत. संघ हे जाणतात, म्हणून ते गोलकीपरला आधी एएचएल या दुय्यम लीगमध्ये, कधी त्याखालच्या ईसीएचएलमध्ये पाठवतात. करार दुहेरी असतो: वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर त्याच्या काही अंशाने. सकाळी फोन येतो, दुपारी विमान, रात्री बाकावर. दोन दिवसांनी परत. सेंट लुईसचा जॉर्डन बिनिंग्टन संघाच्या यादीत चौथा गोलकीपर होता. जानेवारी २०१९ मध्ये त्याला संधी मिळाली आणि जूनमध्ये हातात स्टॅन्ले कप होता.

या यादीच्याही बाहेरचा एक प्रकार आहे, आणि तोच इथे लोकांना सगळ्यांत प्रिय. दोन्ही गोलकीपर जखमी झाले तर? यजमान संघाने एक हौशी गोलकीपर प्रेक्षकांत तयार ठेवायचा, आणि ज्या संघाला लागेल त्याच्याकडून त्याने उतरायचं, असा रिवाज. मार्च २०१८ मध्ये शिकागोकडून स्कॉट फॉस्टर नावाचा हिशेबनीस शेवटची १४ मिनिटं उतरला आणि आलेले सातही फटके अडवले. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलिनाचे दोघे जायबंदी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. बर्फ सपाट करणारं झॅम्बोनी यंत्र चालवण्याचं काम केलेला हा माणूस, २००४ मध्ये आईची किडनी मिळालेला. पहिले दोन्ही फटके आत गेले. त्यानंतरचे आठही अडवले आणि कॅरोलिना ६-३ जिंकली. तिसऱ्या सत्रात कॅरोलिनाच्या बचावपटूंनी टोरांटोला मारायला जागाच दिली नाही, हे श्रेय मात्र त्यांचं. १९२८ मध्ये रेंजर्सचा ४४ वर्षांचा प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्टॅन्ले कपच्या अंतिम लढतीत स्वतः गोलमध्ये उभा राहिला होता आणि संघ जादा वेळेत २-१ जिंकला होता, म्हणजे परंपरा जुनीच. ती आता संपत आली आहे: लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२६-२७ पासूनच्या नव्या करारात प्रत्येक संघाने असा गोलकीपर पूर्ण वेळ पगारावर ठेवायचा आहे. एका अर्थी ही नवी ३२ माणसांची नोकरभरती झाली.

स्त्रियांच्या बाबतीत रोजगाराचं चित्र अजून तोकडं होतं. मॅनाँ रेओम २३ सप्टेंबर १९९२ ला टॅम्पा बेकडून सराव सामन्यात एक सत्र खेळली, ९ फटक्यांत २ गोल गेले. नंतर ती पुरुषांच्या दुय्यम लीगमध्ये खेळली आणि नागानोत कॅनडाकडून रौप्यपदक मिळवलं. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या शॅनन सबाडोसलाही पोटापाण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पुरुषांच्या छोट्या लीगमध्ये जावं लागलं. तिथे २०१५ मध्ये तिने पूर्ण सामन्यात एकही गोल दिला नाही. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमुळे आता निदान पगारी जागा आहेत. आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया-ओशनिया चषकात ब्राँझ मिळवलं, तो संघ बहुतांशी लडाखच्या मुलींचा. तिथे नैसर्गिक बर्फाचा मोसम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, आणि गोलकीपरचा सरंजाम इतर खेळाडूंच्या कितीतरी पट महाग. त्यांच्यावर लिहाल तेव्हा हेही यावं.

खेळ सुटल्यावर गोलकीपर जातात कुठे? मुख्य प्रशिक्षक होणारे कमी, पॅट्रिक रॉय हा ठळक अपवाद. कार्यालयात बसणारे पुष्कळ. सबंध सामनाभर मैदान समोर पसरलेलं पाहायची सवय हे कारण असावं, असा माझा तर्क. केन हॉलंड एनएचएलमध्ये फक्त ४ सामने खेळला, आणि डेट्रॉइटचा व्यवस्थापक म्हणून १९९८, २००२ व २००८ चे कप जिंकला. त्यांतल्या २००२ च्या संघात हाशेकला त्यानेच आणलं होतं. जिम रदरफर्डने कॅरोलिनाला एक आणि पिट्सबर्गला दोन कप मिळवून दिले. केन ड्रायडन तर स्वतंत्र प्रकरण. १९७१ मध्ये मोसमाचे अवघे सहा सामने खेळून मॉन्ट्रियलला कप जिंकून दिला, १९७३-७४ चं अख्खं वर्ष पगाराच्या वादावरून सोडून वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली, परतला, आणि आठ मोसमांत सहा कप घेऊन एकतिसाव्या वर्षी थांबला. पुढे कॅनडाचा खासदार आणि मंत्री झाला.

तर आता मागणी, आणि ती अगदी छोटी आहे. निकालाखाली गोलकीपरचं नाव आणि दोन आकडे छापा: त्याच्यावर आलेले फटके आणि त्याने अडवलेले. सामन्यामागची गोलसरासरी एकटी छापू नका. एकावर ४० फटके आले आणि ३ गोल झाले, दुसऱ्यावर १८ आले आणि ३ झाले. दोघांची सरासरी ३.०० च दिसते, पण पहिल्याने .९२५ वाचवले आणि दुसऱ्याने .८३३. शेवटच्या मिनिटांत गोलकीपर काढून जादा खेळाडू उतरवला असताना रिकाम्या गोलमध्ये झालेला गोल त्याच्या नावावर धरत नाहीत, तोही वेगळा दाखवावा. जुने आकडे आजच्यांशी ताडून पाहू नयेत: १९८०च्या दशकात लीगची सरासरी .८७५ ते .८८० च्या आसपास होती, २०१५ च्या सुमारास ती .९१५ पर्यंत चढली, आणि आता .९०० च्या आसपास उतरली आहे. व्हेझिनाचंही तसंच. १९८१-८२ च्या आधी ती सर्वांत कमी गोल देणाऱ्या संघाच्या गोलकीपरला आपोआप मिळायची, नंतर व्यवस्थापक मत देऊ लागले. म्हणून प्लांटच्या सात आणि हाशेकच्या सहा एका ओळीत मांडणं बरोबर नाही. आणि दहा सामन्यांवरून कोणालाही निकालात काढू नका. दहा सामन्यांत साधारण ३०० फटके येतात; .९०० आणि .९१५ यांत तेवढ्यात चार-पाच गोलांचाच फरक पडतो, तो चार-पाच पक स्केटला लागून वळल्या तरी भरून निघतो. साठ सामन्यांत तोच फरक २७ गोलांचा होतो, तेव्हा बोलावं.

छापण्याचा नमुना म्हणून १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमधला अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा तो गाजलेला सामना घेतो. पहिल्या सत्रानंतर सोव्हिएत प्रशिक्षकाने व्लादिस्लाव ट्रेट्याकला काढून मिश्किनला उतरवलं होतं. ट्रेट्याकने १९७२, १९७६ आणि १९८४ अशी तीन सुवर्णपदकं जिंकली आणि एनएचएलचा एकही सामना न खेळता टोरांटोच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या दिवशीचा विजेता जिम क्रेग एनएचएलमध्ये पुढे ३० च सामने खेळला. बातमीखाली जागा लागेल फक्त दोन ओळींची:

अमेरिका ४, सोव्हिएत संघ ३.
गोलकीपर: क्रेग ३९ पैकी ३६, ट्रेट्याक ८ पैकी ६, मिश्किन ८ पैकी ६.

कळावे,
आपला एक वाचक,
मिसिसागा, कॅनडा